‘होल्पन’ची कहाणी

इंग्लंडात १६११ साली प्रसिद्ध झालेल्या किंग जेम्स बायबलात पवित्र मरियेचे स्तोत्र वाचताना वाचक एका शब्दापाशी अडखळतो. देवाने इस्राएलाला साहाय्य केले, हे सांगताना तेथे ‘हेल्प’ या क्रियापदाचे ‘होल्पन’ असे रूप योजिले आहे. आज ते अशुद्ध वाटेल; एके काळी मात्र तेच शुद्ध होते.

प्राचीन इंग्रजीत या क्रियापदाचा भूतकाळ स्वर पालटून होत असे. एकाने साहाय्य केले तर ‘हेआल्प’, अनेकांनी केले तर ‘हुल्पोन’ आणि ‘हॅव’बरोबर येणारे कृदंत ‘होल्पन’. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरने ‘होल्पन’ वापरले. शेक्सपिअरच्या नाटकांत ‘होल्प’ आढळते. जर्मन भाषेत ‘हेल्फन, हाल्फ, गेहोल्फन’ ही रीत अजून जिवंत आहे.

इंग्रजीत दुसरी रीत प्रबळ ठरली: धातूला ‘एड’ जोडण्याची. नवी क्रियापदे तिनेच चालू लागली, अनेक जुनीही तिच्याकडे वळली. अनेक रूपांच्या जागी एकटे ‘हेल्प्ड’ उरले. ते साध्या भूतकाळातही चालते आणि ‘हॅव’बरोबरही. प्रार्थनेची भाषा मात्र सावकाश बदलते. अँग्लिकन पंथाच्या १६६२च्या प्रार्थनाग्रंथात ‘होल्पन’ कायम राहिले.

‘सिंग, सँग, संग’ घोकताना मुले कंटाळली, तर त्यांना सांगावे की हे लहरी अपवाद नव्हेत. ते एका प्राचीन नियमाचे अवशेष आहेत. आणि एखादे मूल ‘सिंग्ड’ म्हणाले, तर रागावू नये. ‘हेल्प’च्या बाबतीत अवघ्या इंग्रजी समाजाने तेच केले आहे.