रोडगे, जावळ आणि जन्मतारीख

फाल्गुन लागला की यवतमाळ जिल्ह्यातली वावरं मोकळी व्हायला लागतात. ज्वारी घरात आलेली असते, तूर पोत्यात गेलेली असते, पऱ्हाटीला उरलीसुरली बोंडं तेवढी राहिलेली असतात. सालगड्याचं वर्ष पाडव्याला संपतं आणि त्याच दिवशी नव्या सालाची बोली ठरते. पुढच्या खरिपाची मशागत अक्षय तृतीयेच्या सुमाराला अंगावर येते. होळीपासून तिथवरचा दीडेक महिना शेतकऱ्याच्या घराला थोडी उसंत देणारा. ऊन अजून पंचेचाळीस अंशांवर चढलेलं नसतं, रात्री गार असतात, नाल्याकाठचा पळस लाल झालेला असतो आणि जंगलालगतच्या गावांत मोहाचा वास पहाटे घरापर्यंत येतो.

इथल्या कुटुंबांच्या आनंदाच्या गोष्टी या उसंतीतच बसवलेल्या आहेत. शहरात ज्याला सहल म्हणतात त्याला गावात वेगळं नाव नव्हतं. निरोप यायचा तो एवढाच: “उद्या मारुतीले रोडगे हायेत, सारेच्या सारे या.” त्या एका वाक्यात सगळं आलं. जागा कळली, जेवण कळलं, आणि कुणाचा तरी नवस फिटतो आहे हेही कळलं. बहुतेक वेळा तो नवस लेकराचा असायचा.

घरातल्या मुलाचं कोडकौतुक करायचं तर घराबाहेर पडायचं, ही या भागाची जुनी रीत. वाढदिवस घरात, दिव्याखाली, पाहुण्यांच्या गराड्यात साजरा करणं ही त्या मानाने अगदी अलीकडची गोष्ट. त्याआधी मुलाचं पहिलं मोठं कौतुक व्हायचं ते जावळाच्या दिवशी. पहिल्या किंवा तिसऱ्या वर्षी, विषम वर्ष पाहून, गावशिवेवरच्या मारुतीपुढे नाहीतर महादेवाच्या पारावर मामाच्या मांडीवर बसवून लेकराचे केस उतरवायचे. नवस बोललेला असेल तर त्याला गुळाने तोलायचं आणि तो गूळ जमलेल्यांत वाटून टाकायचा. कुणी लाकडी पाळणा वाहायचा. ज्यांना ऐपत होती ते कळंबच्या चिंतामणीला जायचे. यवतमाळ-नागपूर रस्त्यावरचं हे देऊळ जमिनीच्या पातळीखाली आहे. पायऱ्या उतरून कुंडापाशी जावं लागतं. त्या कुंडाचं पाणी काही वर्षांनी आपोआप वर चढून मूर्तीच्या पायांना लागतं, अशी लोकांची श्रद्धा आहे. माहेरवाशिणी, चुलत्या-मावश्या, शेजारी अशी बंडी-दमणी भरून माणसं निघायची.

आणि मग रोडगे. त्यांच्याबद्दल सविस्तर लिहायलाच हवं, कारण वऱ्हाडातलं हे जेवण घरातल्या चुलीवर शिजवायचं म्हटलं तर त्यातला जीवच जातो. गहू जाडसर दळून आणतात. कणकेत मीठ, ओवा आणि तेलाचं मोहन घालून ती घट्ट मळतात. छोट्या छोट्या पोळ्या लाटून, प्रत्येकीला तेल लावून, तीन-चार एकावर एक ठेवतात आणि त्यांच्याभोवती आणखी एक पोळी गुंडाळून मुठीपेक्षा मोठा गोळा वळतात. तोवर पुरुषमंडळींनी गवऱ्या रचून पेटवलेल्या असतात. जाळ पूर्ण बसू द्यायचा. ज्वाला असताना रोडगा टाकला तर वरून करपतो आणि आत कच्चा राहतो. लाल निखारे झाले की त्यांत रोडगे मांडायचे, वरून गरम राख ओढायची, मधूनमधून फिरवायचे. अंगावर भेग पडली की झाला. मग स्वच्छ पोत्यात घालून हलवायचे, म्हणजे राख झडते. फोडला की आतल्या पोळ्यांचे पदर सुटे होतात आणि त्यांत तूप ओतायचं. सोबत वांग्याची झणझणीत भाजी, तुरीच्या डाळीचं वरण, आणि शेवटी एखाद्या रोडग्यात गूळ कुस्करून. वाढायला पळसाच्या पानांच्या पत्रावळी आणि द्रोण. गहू नुकताच निघालेला, वांगी-तूर आपल्या वावरातली, गवऱ्या गोठ्यातल्या, पानं बांधावरची. विकत घ्यायचं ते फार थोडं. म्हणूनच गरीब घरालाही शंभर माणसांना जेवू घालण्याचा मान मिळत असे.

या स्वयंपाकात पुरुष आणि पोरं आपणहून हात लावायची, ही त्यातली लक्षात घेण्याजोगी बाब. वर्षभर चुलीला बांधलेली बाई त्या दिवशी आंब्याखाली पाय पसरून बसलेली दिसायची. तिच्या वाट्याला आलेली मोकळीक फार मोठी नव्हती, पण अमराईतल्या त्या दुपारची वाट बायका महिना महिना पाहत.

जन्माचा सोहळा आणि वसंत यांची सांगड फक्त जावळापुरती नाही. चैत्राकडे नीट पाहिलं तर तो जन्मोत्सवांचाच महिना आहे. रामनवमीला भर दुपारी देवळात पाळणा हलतो, सुंठवडा वाटला जातो. पौर्णिमेला सूर्योदयाच्या वेळी हनुमानाचा जन्म. याच दिवसांत महावीर जयंती. यवतमाळच्या असंख्य वस्त्यांमधला वर्षातला सगळ्यात मोठा दिवस म्हणजे १४ एप्रिल. डॉ. आंबेडकरांची जयंती त्यांच्या हयातीतच साजरी होऊ लागली होती, आणि १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर विदर्भातल्या खेड्याखेड्यांत ती घरोघरचा सण झाली. नवे कपडे, घराला रंग, सासरहून आलेल्या लेकी, खीर-पुरी. ज्या घरांत स्वतःच्या मुलांच्या जन्मतारखा कुणी लिहून ठेवल्या नव्हत्या, त्या घरांना ही एक तारीख पाठ होती. तारखेने साजरा होणारा वाढदिवस ही कल्पना अनेक कुटुंबांत या जयंतीनेच आणली, असं म्हणायला जागा आहे.

त्यानंतर पंधरवड्याने ३० एप्रिल येतो. अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत १९०९ साली याच दिवशी तुकडोजी महाराजांचा जन्म झाला. त्यांची जयंती ग्रामजयंती म्हणून पाळली जाते. श्रीगुरुदेव सेवा मंडळ असलेल्या गावांत त्या दिवशी पहाटे रस्ते झाडले जातात, सडा-रांगोळी होते, सामुदायिक प्रार्थना होते. एका माणसाचा वाढदिवस अख्ख्या गावाने अंगण झाडून साजरा करायचा, यासारखी सुंदर कल्पना दुसरी शोधून सापडायची नाही.

घरातला वाढदिवस मात्र वेगळ्या वाटेने आला. पंचांग बाळगणाऱ्या घरांत तो तिथीने होई. सकाळी तेल लावून न्हाऊ घालायचं, औक्षण करायचं, मार्कंडेयाचं आणि सात चिरंजीवांचं स्मरण करायचं, आणि गूळ-तीळ घातलेलं दूध प्यायला द्यायचं. संध्याकाळी गोड काही. बस्स. पाहुणे नाहीत, भेटवस्तू नाहीत. मुलींचं औक्षण व्हायचं, पण कौतुकाचा सूर बहुतेक मुलग्यांसाठी राखलेला. बाकीच्या घरांत जन्म लक्षात राहायचा तो हंगामाने: पोळ्याच्या आसपासचा, होळीच्या रात्रीचा, पूर आला त्या वर्षीचा.

सरकारदरबारी नोंद होती ती गावच्या कोतवालाच्या हाती. वऱ्हाड १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला. १९०५ च्या फेररचनेत वाशीम जिल्हा मोडून पुसदचा भाग वणी जिल्ह्याला जोडला गेला आणि जिल्ह्याचं नाव यवतमाळ झालं. त्या कारभाराने गावोगाव जन्ममृत्यूच्या नोंदी ठेवायला लावल्या. कोतवाल पंजी म्हणतात ती हीच. आज जातीच्या दाखल्यासाठी तिच्या नकला काढायला लोक तहसीलच्या पायऱ्या झिजवतात. बापाचं नाव, जात, मूल मुलगा की मुलगी, तारीख. पुष्कळ ठिकाणी बाळाच्या नावाची जागा रिकामीच, कारण बारसं व्हायच्या आत नोंद झालेली.

शाळेत नाव घालताना पंजी कोण पाहणार? गुरुजींनी मुलाच्या उंचीकडे पाहून अंदाजाने तारीख टाकली, आणि गावातली अर्धी पिढी जून-जुलैच्या पहिल्या तारखेला जन्मली. जन्मतारीख ही नोकरीच्या, निवृत्तीच्या, दाखल्याच्या कामाची वस्तू झाली. तिला घरात हौसेची जागा मिळाली ती बरीच नंतर, तालुक्याच्या गावांत मास्तर, तलाठी, बँकेतले कारकून यांची घरं वाढू लागली तेव्हा. त्या घरांतल्या बायकांनी मासिकातली कृती वाचून कुकरमध्ये वाळू घालून, वर डबा ठेवून रव्याचा केक भाजला. तो कधी फुगला, कधी बसला. बाजूला औक्षणाचं ताट होतंच. मेणबत्ती फुंकायची की निरांजन ओवाळायचं, हा वाद बहुतेक घरांनी दोन्ही करून मिटवला, आणि ते शहाणपणाचंच झालं.

बाहेर पडण्याच्या वाटाही बदलत गेल्या. मूर्तिजापूर-कारंजा-दारव्हा-यवतमाळ ही अरुंद रुळांची गाडी, जिला सगळे शकुंतला म्हणतात, विसाव्या शतकाच्या आरंभी कापसासाठी सुरू झाली. पण तिच्यातून माणसंही हिंडली. नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान असलेल्या कारंज्याला मूल पायावर घालायला नेणं तिच्यामुळे सोपं झालं. १९९४ पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर चालली, आणि कोळशाच्या कणांनी काळे झालेले चेहरे घेऊन मुलं मामाच्या गावी उतरायची. आता ती बंद आहे.

जंगल सगळ्यांसाठी सारखं मोकळं कधीच नव्हतं. वाघाच्या शिकारीला जाण्याचा शौक वकील-जमीनदारांना परवडे. यवतमाळचे शायर भाऊसाहेब पाटणकर हे वकील आणि तितकेच पट्टीचे शिकारी होते. कोलाम-गोंडांना मात्र त्याच रानात गवत-लाकडासाठी कायद्याची भीती होती. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळ राखीव जंगलातलं गवत कापून जंगल सत्याग्रह केला, तो याच दुखण्यावर बोट ठेवून. कोलाम पोडांत चैत्रातली पहाट म्हणजे मोह वेचण्याची वेळ. झाडाखालची जागा आदल्या दिवशी साफ केलेली, फुलं रात्रीतून गळलेली, आणि टोपली घेऊन लेकराबाळांसकट सगळं घर झाडाखाली. ते काम आहे, पोटाचं काम आहे. तरी पोरांना विचारलं तर वर्षातली तीच आवडती वेळ असते.

या जिल्ह्याच्या वसंतात १९ मार्चही येतो. १९८६ मध्ये या दिवशी चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवलं. त्या स्मृतीत आता अनेक जण दिवसभर अन्न सोडतात. कापसाचा पैसा हाती आला तर नवस फिटतो, नाही आला तर पुढच्या सालावर जातो. ज्या घरांनी वर्षानुवर्षं रोडगे पुढे ढकलले, त्यांची नोंद कुठल्या पंजीत नाही.

राळेगाव-पांढरकवड्याच्या पट्ट्यात २०१६ ते २०१८ या काळात आणखी एक धास्ती आली. १३ जणांच्या मृत्यूशी नाव जोडली गेलेली टी-१ वाघीण २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री मारली गेली. तोवर तिथली माणसं दिवसाढवळ्याही एकटी वावरात जायला घाबरत होती, अमराईतल्या पंगतीचं तर नावच नको. आज टिपेश्वर अभयारण्यात वाघ पाहायला बाहेरगावची कुटुंबं येतात, मुलांचे वाढदिवसही तिकडे करतात. शिवेवरची माणसं मात्र पंगत ऊन कलायच्या आत उठवतात.

घराबाहेरचा वसंत आणि मुलाचं कौतुक अजून एकत्र नांदतात ते तांड्यांत. पुसद, दिग्रस, दारव्हा, महागाव, उमरखेड या भागात बंजारा तांडे खूप आहेत. पुढे मुख्यमंत्री झालेले वसंतराव नाईक यांचा जन्म १ जुलै १९१३ रोजी पुसद तालुक्यातल्या गहुलीचा. त्यांचा वाढदिवस राज्यभर कृषी दिन म्हणून साजरा होतो. पण तांड्यातल्या बाळाचा मान होळीचा. तिथे होळी पहाटे पेटते. मागच्या होळीपासून जन्मलेल्या मुलाची ‘धुंड’ त्या दिवशी होते. गेरिये, म्हणजे तांड्यातले पुरुष, नायकाची परवानगी घेऊन बाळाच्या दारी जमतात, अंगणात त्याच्या डोक्यावर काठ्यांचं छत धरतात, काठ्यांवर काठ्या वाजवत आशीर्वादाची गाणी म्हणतात. बायकांची लेंगी रंगते, मग गोड जेवण. हा मान परंपरेने मुलग्यालाच मिळत आला. तो मुलीलाही मिळायला हवा, कारण गाणी म्हणायला आणि जेवण रांधायला बायाही असतात.

ऊसतोडीला, पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर गेलेली कुटुंबं होळीला जमेल तशी तांड्यावर परततात. झोपडीत नाहीतर भाड्याच्या खोलीत जन्मलेलं लेकरू तिथे पहिल्यांदा सगळ्या भावकीसमोर येतं. होळीनंतर लगेच जन्मलेल्याला जवळजवळ वर्षभर थांबावं लागतं. तोवर ते चालायला लागलेलं असतं, आणि काठ्यांचा आवाज सुरू झाला की त्याला जागेवर धरून ठेवायला दोन माणसं लागतात.