मागच्या टायरची कैफियत

माझ्या भाच्याने दोन वर्षांपूर्वी दोन आसनांची एक स्पोर्ट्स मोटार घेतली. इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना. घरातल्या वडीलधाऱ्यांनी ‘सामान कुठे ठेवायचे?’ एवढा एकच प्रश्न विचारला. त्याचे उत्तर अद्याप आलेले नाही. यंदा मे महिन्यात स्वारी माझ्याकडे आली ती तणतणतच.

“मामा, चौदा हजार किलोमीटरांत मागचे दोन्ही टायर गोटा! आणि पुढचे बघा, नक्षी अजून शाबूत. दुकानदाराने मागे जुना माल चिकटवला असणार.”

तो भांडायलाच निघाला होता. मी त्याला बसवले, चहा दिला आणि नव्वदएक वर्षांपूर्वीच्या एका जर्मन टायरची हकिकत सांगितली. तीच आज फराळाच्या ताटाशेजारी ठेवतो.

पण आधी थोडे मागे जायला हवे. फ्रान्समधल्या पानार आणि लव्हासोर यांच्या कारखान्याने १८९१ साली इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना, अशी मांडणी केली. ती पुढे मोटारीची रूढ मांडणी होऊन बसली. त्यात शहाणपण होते. एस.टी. झटक्याने निघाली की उभे उतारू मागे कलतात, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. मोटारीचेही तेच होते. जोर दिला की तिचा भार मागच्या चाकांवर येतो. भार वाढला म्हणजे पकड वाढली. तेव्हा ढकलण्याचे काम मागच्याच चाकांना देणे चांगले.

चांगले, पण फुकट नव्हे. टायर जोर लावतो तेव्हा त्याचे रबर रस्त्यावर थोडे तरी सरकतेच. त्या सरकण्याने ते तापते आणि झिजते. त्यात वळण आले, की गाडीला बाहेर फेकली जाऊ न देणे हे दुसरे काम येते. टायरची पकड सोळा आणे धरा. वळणावर त्यातले बरेच आणे गाडी सावरण्यात जातात. उरल्या पुंजीतून जोर लावायचा. उतावळा चालक वळण संपण्याआधीच ॲक्सिलरेटर दाबतो आणि खर्च सोळा आण्यांच्या वर नेतो. मग चाक घसरून फिरते, आणि फरक रबरातून वसूल होतो.

ही वसुली सर्वांत कडक झाली ती १९३४ ते १९३७ या काळातल्या शर्यतींत. त्या वर्षांसाठी नियम असा होता, की इंधन, तेल, पाणी आणि टायर वगळून गाडीचे वजन ७५० किलोग्रॅमपेक्षा जास्त नसावे. गाडी हलकी, म्हणजे इंजिन लहान, म्हणजे वेग बेताचा, असा नियम करणाऱ्यांचा हिशेब. मर्सिडीज-बेंझ आणि ऑटो युनियन या जर्मन कंपन्यांनी तो उधळून लावला. हलके धातू वापरून त्यांनी वजन वाचवले आणि ते इंजिनावर खर्च केले. १९३६ सालच्या ऑटो युनियनच्या सोळा सिलिंडरांच्या इंजिनात ५२० अश्वशक्ती होती! ताशी १६० किलोमीटरांच्या वेगातही मागची चाके घसरून फिरतील, इतका तो जोर. इंजिने तीन वर्षांत कुठल्या कुठे गेली. रबर आणि सुती दोरा बिचारे होते तिथेच राहिले.

या गाड्यांची मागची चाके बसवलीही होती विचित्र. आस मधोमध सांध्यावर झुलत असे. त्यामुळे गाडीचे अंग खाली-वर झाले की चाकही तिरपे व्हायचे. टाकी भरलेली असली की चाके खालून फाकत. टाकी रिकामी होत आली की उलटी कलत. परिणामी टायर सगळ्या रुंदीने रस्त्याला लागण्याऐवजी एका कडेनेच झिजे. मर्सिडीजने १९३७ साली ही पद्धत टाकून दिली. पण आपली हकिकत आहे १९३५ ची.

दिवस २८ जुलै. जर्मनीतले न्युर्बुर्गरिंग, आयफेलच्या डोंगरांतून जाणारे सुमारे २२.८ किलोमीटरांचे रिंगण. त्याच्या बावीस फेऱ्या. नाझी राजवट दोन वर्षांची झालेली, अधिकारी मंडळी जर्मन विजय पाहायला हजर. मर्सिडीज आणि ऑटो युनियन यांच्या नऊ गाड्या, आणि त्यांच्यासमोर इटलीचा ताझियो नुवोलारी. वय बेचाळीस, अंगाने किरकोळ. त्याची आल्फा रोमिओ ही १९३२ साली प्रथम धावलेल्या जातीची; जर्मन गाड्यांचा जोर तिच्या सुमारे दीडपट.

पावसाने रस्ता ओला होता आणि ओल्या रस्त्यावर दांडग्या इंजिनाचा उपयोग कमी. नुवोलारी निम्म्या शर्यतीपर्यंत पुढे आला. मग सगळे इंधन आणि टायर घेण्यासाठी थांबले. मर्सिडीजच्या माणसांनी मानफ्रेड फोन ब्राउखिचची गाडी ४७ सेकंदांत रवाना केली. नुवोलारीच्या वेळी इंधनाचा पंपच बिघडला. डब्यांनी इंधन ओतावे लागले आणि २ मिनिटे १४ सेकंद गेली. तो सहावा झाला. पुढच्या दोनएक फेऱ्यांत त्याने मधले सगळे मागे टाकले. समोर उरला एकटा ब्राउखिच.

इथून पुढची शर्यत खरे म्हणजे इंजिनांची नव्हतीच. ब्राउखिचचे अंतर एक मिनिटाच्या वर होते, पण ते फेरीगणिक घटू लागले. तो पेटला. टायरांना निर्दय म्हणून त्याची ख्याती आधीच होती. प्रत्येक वळणातून निघताना तो मागच्या चाकांकडून सोळाचे अठरा आणे मागत राहिला. नुवोलारी गाडीला चारही चाकांवर एकदम घसरू देत वळणे घेई. त्यामुळे श्रम चौघांत वाटले जात. शिवाय त्याच्या गाडीत टायर खाण्याइतका जोरच नव्हता. दुबळेपणाचा असा फायदा शर्यतीत क्वचितच होतो.

शेवटची फेरी सुरू झाली तेव्हा अंतर राहिले होते सुमारे ३५ सेकंद. आणि त्या फेरीत ब्राउखिचचा मागचा डावा टायर फुटला. तो घातल्यापासून जेमतेम सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर चालला होता.

नुवोलारी पहिला आला. दुसरा, तिसरा, चौथा जर्मन; फुटक्या टायरनिशी कसाबसा पोचलेला ब्राउखिच पाचवा. पुढे त्याने १९३७ साली मोनाको आणि १९३८ साली फ्रान्सची शर्यत जिंकली, तरी ‘अपशकुनी पाखरू’ या अर्थाचे टोपणनाव त्याला चिकटले ते चिकटलेच. मला त्यात थोडा अन्याय वाटतो. पाखराचा दोष काय? टायरने आधीच पुरेसे सांगितले असणार.

माझी गोष्ट संपली तेव्हा भाच्याचा चहा निवला होता. आम्ही खाली उतरून गाडीखाली वाकून पाहिले. मागचे टायर आतल्या कडेला जास्त झिजले होते. वळणावर पकड राहावी म्हणून त्या गाडीची मागची चाके मुद्दामच किंचित आत कललेली ठेवतात, आणि टायरचे रबरही मऊ देतात, तेही पकडीसाठीच. राहिलेले काम खंडाळ्याच्या घाटात कोणी केले, ते मी विचारले नाही.

“मामा,” थोड्या वेळाने तो म्हणाला, “तो टायर बदलायला मध्ये थांबला असता, तर किती वेळ गेला असता?”

“पाऊण मिनिट. फार तर.”

त्याने दुकानदाराला फोन लावला. भांडण्यासाठी नव्हे, दोन टायरांची किंमत विचारण्यासाठी. ती ऐकल्यावर मात्र तो जरा वेळ जिन्यावरच बसून राहिला.