‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ : ज्युरीच्या खोलीत कोण आहे, कोण नाही?

‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ हा १९५७ सालचा कृष्णधवल अमेरिकन चित्रपट. लेखक रेजिनाल्ड रोज, दिग्दर्शक सिडनी ल्युमेट. न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीतल्या १८ वर्षांच्या मुलावर वडिलांच्या खुनाचा आरोप आहे. दोषी ठरला तर मृत्युदंड अटळ. बारा ज्युरी सदस्यांनी एकमताने निर्णय द्यायचा आहे. पहिल्या मतदानात ११ जण त्याला दोषी ठरवतात. आठवा सदस्य (हेन्री फोंडा) एकटाच शंका घेतो. पूर्वग्रहावरचा हा चित्रपट आजही चर्चेसाठी दाखवला जातो. प्रतिनिधित्वाच्या कसोटीवर तो कुठे उतरतो?

कोण आहे?
वर्ग, वय आणि स्थलांतर यांचे वैविध्य ज्युरीत आहे. पाचवा सदस्य झोपडवस्तीत वाढलेला आहे. खटक्याचा चाकू चालवणारा सराईत माणूस खालून वर वार करतो, हे फक्त त्यालाच ठाऊक असते. मृताच्या छातीवरचा वार मात्र वरून खाली झालेला असतो. नववा सदस्य वृद्ध आहे. आयुष्यभर कोणी विचारले नाही असा म्हातारा साक्षीदार महत्त्व मिळावे म्हणून साक्ष कशी फुगवू शकतो, हे तो ओळखतो. अकरावा सदस्य युरोपातून आलेला घड्याळजी आहे.

कोण नाही?
बाराही सदस्य गोरे पुरुष आहेत. आरोपी सुरुवातीला काही क्षण दिसतो. त्याला एकही संवाद नाही. त्याचा वंशही सांगितलेला नाही. दहावा सदस्य ‘हे लोक’ म्हणून गरळ ओकतो, तेव्हा बाकीच्यांपैकी बहुतेक जण त्याच्याकडे पाठ फिरवतात. पण ‘त्या लोकां’पैकी वांशिक अंगाने उत्तर देणारा कोणी खोलीत नसतो. महत्त्वाच्या साक्षीदार स्त्रीने तरुण दिसण्यासाठी चष्मा घातला नसावा, हा अंदाजही पुरुषच बांधतात.

कायदा काय सांगत होता?
कृष्णवर्णीयांना कायद्याने ज्युरीतून वगळणे घटनाबाह्य असल्याचे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८८० मध्येच ठरवले होते. न्यूयॉर्क राज्यात स्त्रिया १९३७ पासून ज्युरीत बसू शकत होत्या. म्हणजे १९५७ मध्ये त्यांना पडद्यावर आणायला कायद्याची आडकाठी नव्हती. प्रत्यक्षात मात्र वगळणे चालूच होते. सरकारी वकिलाने वंशाच्या आधारे ज्युरी सदस्य नाकारू नयेत, हा निकाल येण्यास १९८६ उजाडले.

नंतरच्या आवृत्त्या
बासू चॅटर्जी यांच्या ‘एक रुका हुआ फैसला’ (१९८६) या हिंदी आवृत्तीतही बाराही जण पुरुषच होते. विल्यम फ्रीडकिन यांच्या १९९७ च्या दूरचित्रवाणी चित्रपटात चार कृष्णवर्णीय सदस्य आणि स्त्री न्यायाधीश होती. ज्युरीत स्त्री तेव्हाही नव्हती.

मूल्यमापन
आठव्या सदस्याची सचोटी मोलाची आहे, पण चाकूचा वार त्याला एकट्याला उलगडला नसता. त्यासाठी वस्तीत वाढलेला माणूस त्या टेबलाशी असावा लागला. प्रतिनिधित्वाने न्याय अधिक अचूक होतो, याचा पुरावा या कथेतच आहे. म्हणून हा चित्रपट दाखवल्यावर ‘तुम्ही आठव्याच्या जागी असता तर?’ एवढेच विचारून थांबू नये. पाचवा सदस्य निवडलाच गेला नसता तर त्या मुलाचे काय झाले असते, हेही विचारावे.