चाळ, वाडा आणि शेजार

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत कापड गिरण्या वाढल्या आणि कोकणातून व घाटावरून आलेल्या कामगारांच्या निवाऱ्यासाठी चाळी उभ्या राहिल्या. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये, मुंबई सुधारणा विश्वस्त मंडळाची स्थापना झाली. या मंडळाने आणि पुढे १९२० च्या दशकात सरकारच्या विकास खात्याने चाळी बांधल्या. वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथील बीडीडी चाळींत एका बिऱ्हाडाच्या वाट्याला सुमारे १६० चौरस फुटांची खोली येई.

एवढ्या जागेत संसार मावणे अशक्य असल्याने तो गॅलरीत येत असे. पापड तेथेच वाळत, मुले तेथेच अभ्यास करीत, म्हातारी माणसे तेथेच निजत. पुण्यातील जुन्या वाड्याची रचना याहून निराळी. रस्त्याकडे जाड भिंत व दिंडीदरवाजा, आणि सारे जीवन आतील चौकाभोवती. तो चौक मालकाचा असे व बिऱ्हाडकरू तेथे त्याच्या मर्जीने वावरत. चाळीची गॅलरी कोणा एका बिऱ्हाडाची नसल्यामुळे तीवर सर्वांचा सारखाच हक्क राही. सामाईक नळावर भांडणे होत. आजारपणात वा मृत्यूत तीच माणसे प्रथम धावून येत. गिरगावातील केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव होऊ लागला, त्यामागे हीच सवय होती.

मात्र या शेजाराला जातीची सीमा होती. खोली मिळताना आडनाव व गाव विचारले जाई. बाबूराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या कथेतील नायकाला परगावी भाड्याच्या निवाऱ्यासाठी जात लपवावी लागते. ‘बटाट्याची चाळ’ वाचणाऱ्याने ही कथाही सोबत वाचावी. एकाच काळातील निवासाचे ते दोन अनुभव आहेत.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे अनेक वर्षांचे वास्तव्य परळच्या बीआयटी चाळीतील दोन खोल्यांत होते. ग्रंथसंग्रहाला व अभ्यासाला तेथे जागा अपुरी पडे. म्हणून १९३० च्या दशकात त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधले. ते स्वतंत्र घर होते, एकांतासाठी बांधलेले. तरीही डिसेंबर १९५६ मध्ये त्यांचे पार्थिव तेथे आणले गेले, तेव्हा अंत्यदर्शनासाठी अफाट जनसमुदाय लोटला आणि ते घर एका समाजाचे झाले. भिंती व जिने माणसांना जवळ आणतात. त्यांच्यात आपलेपणा निर्माण होणे मात्र दार कोणासाठी उघडते यावर ठरते.

वरळीच्या बीडीडी चाळींच्या पुनर्विकासाचे काम २०२१ मध्ये सुरू झाले. उत्तुंग इमारतींतील ५०० चौरस फुटांच्या सदनिकेत स्वतःचे शौचालय आहे, स्वतःची मोरी आहे. रहिवाशांनी पिढ्यान्‌पिढ्या ज्याची वाट पाहिली ती ही सोय आहे, आणि तिची किंमत चाळीच्या आठवणींनी कमी लेखू नये. परंतु गॅलरी गेल्यावर शेजार आपोआप घडणार नाही; तो आता हेतुपुरस्सर जोडावा लागेल. तो जोडताना आडनाव विचारले जाणार नसेल, तर चाळीला जे साधले नाही तेही साधेल.