विद्यार्थ्याचें दारिद्र्य व त्याचा आश्रय

घरचें दारिद्र्य असतांहि अमुक पुरुष विद्वान् झाला, असा उल्लेख आपल्याकडील चरित्रग्रंथांत वारंवार आढळतो. त्यावरून बुद्धि असली म्हणजे दारिद्र्य आड येत नाहीं, असें अनुमान सहज निघतें. तें पुराव्याच्या कसोटीस कितपत उतरतें, हें येथें संक्षेपानें पाहूं.

गोपाळ कृष्ण गोखले यांचे वडील इ. स. १८७९ मध्यें वारले. तेव्हां वडील बंधु गोविंदराव यांनीं स्वतःचें शिक्षण सोडून दरमहा १५ रुपयांची नोकरी पत्करिली व त्यांतील ८ रुपये ते धाकट्या भावास पाठवीत. गोखले १८८४ मध्यें पदवीधर झाले. एका भावाच्या विद्येचें मोल दुसऱ्यानें आपल्या विद्येनें दिलें.

याच्या उलट जोतीराव फुले यांचें उदाहरण आहे. वडिलांचा पुण्यांत फुलांचा धंदा व शेती असल्यामुळें घर निर्धन नव्हतें. तथापि प्राथमिक शिक्षण होतांच मुलास शाळेंतून काढून शेतकामास लाविलें. गफार बेग मुन्शी व लिजीटसाहेब या शेजाऱ्यांनीं वडिलांची समजूत घातली, तेव्हां १८४१ मध्यें जोतीराव पुन्हां मिशनच्या शाळेंत जाऊं लागले.

आपत्तींत सांपडलेल्या घरचा मुलगा शाळेंत टिकला आणि खाऊनपिऊन सुखी घरच्या मुलाची शाळा सुटली, हें कसें? याचें उत्तर केवळ घरच्या पेटींत सांपडत नाहीं. ब्राह्मण विद्यार्थ्याभोंवतीं मधुकरी, वार, पाठशाळा व दक्षिणा अशी जुनी व्यवस्था उभी होती. दाभाड्यांनीं सुरू केलेली श्रावणमासची दक्षिणा पुढें पेशव्यांनीं पुण्यांत चालविली. राज्य गेल्यावर १८२१ मध्यें विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा निघाली, तीहि याच दक्षिणेच्या द्रव्यावर. माळी, कुणबी वा महार यांच्या मुलास असा आश्रय नव्हता. त्याचें भवितव्य बापाच्या मिळकतीवर व मतावर, किंवा एखाद्या शेजाऱ्याच्या शब्दावर अवलंबून राही. हें स्पष्ट लिहिण्यास संशोधकानें संकोच करूं नये.

आश्रय निर्माण करतां येतो, हेंहि इतिहासच सांगतो. शाहू छत्रपतींनीं १९०१ पासून कोल्हापुरांत निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठीं वसतिगृहें काढिलीं व १९१७ मध्यें संस्थानांत प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें. भीमराव आंबेडकर १९१३ मध्यें अमेरिकेस गेले, ते बडोदें सरकारच्या शिष्यवृत्तीवर.

संग्राहकांस एक विनंति आहे. आपण सनदा, महजर व निवाडपत्रें प्राणापलीकडे जपतों. परंतु ज्यांच्या घरीं माडी व पेटी होती, त्यांचेच कागद बहुधा टिकले. वसतिगृहांचीं हजेरीपत्रकें, शाळांचे जुने दाखले, वारकऱ्या विद्यार्थ्यांच्या याद्या, घरून आलेल्या मनीऑर्डरींच्या पावत्या हीं रद्दींत जात आहेत. तीं गेल्यास दारिद्र्यावर मात करणारे तेवढे इतिहासांत राहतील. ज्यांची शाळा सुटली, त्यांचें नांवहि उरणार नाहीं.