शरणपूरची पोरं

पोस्ट मोठी आहे. बाजार आटपून, चहा घेऊन निवांत वाचा.

गेल्या आठवड्यात ओळखीतला एक मुलगा घरी आला. मालवणातलाच, ख्रिस्ती कुटुंबातला. मुंबईतल्या एका गटाबरोबर तीन आठवड्यांसाठी केनियाला चाललाय, मिशनच्या कामाला. तयारी जोरात होती. पासपोर्ट आलेला. पीतज्वराची लस राहिलेली. ती निघण्याआधी किमान दहा दिवस घ्यावी लागते, आणि तिचा दाखला नसेल तर परत येताना आपल्याच विमानतळावर अडवून वेगळं ठेवू शकतात, हे त्याला मी सांगितलं. मच्छरदाणी, मलेरियाच्या गोळ्या, तिथल्या मुलांसाठी वह्या-पेन्सिली, चार गाणी पाठ. यादी मोबाइलमध्ये तयार. सगळं दाखवून झाल्यावर म्हणाला, "काका, थंय जाऊच्या आधी काय वाचू?"

मी म्हटलं, नाशिकला कधी गेलायस? म्हणाला, दोनदा. मग शरणपूर रोडवरून गेला असशीलच. तर आधी ते शरणपूर म्हणजे काय, ते वाच.

तो माझ्याकडे बघतच राहिला. तुम्हीही बघत असाल. म्हणून ही पोस्ट.

आधी आपल्या गावापासून सुरू करू. आफ्रिकेतला माणूस म्हटलं की आपल्याला इतिहासात एकच नाव आठवतं, जंजिऱ्याचा सिद्दी. समोर कुरट्यावर उभा असलेला सिंधुदुर्ग महाराजांनी १६६४ साली बांधायला घेतला, त्यामागच्या कारणांत हा सिद्दी होताच. शाळेत आपण तेवढंच शिकलो. पण याच समुद्रातून आफ्रिकेतली हजारो माणसं गुलाम म्हणून नेली-आणली जात होती, हे कोणी शिकवलं नाही. आपल्या रापणकारांना वाऱ्याचं गणित सांगायला नको. थंडीत ईशान्येचा वारा धरून गलबतं आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागायची, आणि पावसाळ्याआधी नैऋत्येचा वारा सुरू झाला की परत फिरायची. या फेऱ्यांत हस्तिदंत असायचा, लवंग असायची, आणि माणसंही असायची.

एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या आरमाराने ही गुलामांची गलबतं पकडायला सुरुवात केली. पकडली की प्रश्न यायचा, सोडवलेल्या माणसांना ठेवायचं कुठे? त्यात लहान मुलं पुष्कळ. त्यातली बरीच मुंबईला उतरवली गेली, आणि तिथून काही नाशिकला पोचली. नाशिकजवळ चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५० च्या दशकात एक ख्रिस्ती वस्ती वसवली होती. नाव शरणपूर. शरण आलेल्यांचं गाव. १८६० च्या सुमाराला तिथे आफ्रिकन मुलांसाठी आश्रम सुरू झाला.

आता 'मिशन' शब्द आला की लगेच धर्मांतराचा वाद सुरू होतो. तो इथे नको. शरणपूरने या मुलांना गुलामीतून वर काढलं, हे खरं. त्याच शरणपूरने त्यांची नावं बदलली, हेही खरं. चेंगविंबे नावाच्या याओ जमातीतल्या मुलाचा मॅथ्यू वेलिंग्टन झाला. जेकब वेनराइट, कॅरस फेरर, एडवर्ड गार्डनर ही नावं वाचून कोणाला वाटेल, ही माणसं लंडनची. ती होती न्यासा तलावाकडची, लहानपणी आईपासून तोडलेली आणि नाशिकला वाढलेली.

त्यांना काय शिकवलं? लिहायला-वाचायला, इंग्रजी, बायबल. आणि हाताचं काम, सुतारकी, लोहारकी. गोदावरीच्या काठावर, मराठी बोलणाऱ्या गावाशेजारी ही मुलं मोठी झाली. मिशनचा हिशेब सरळ होता. ही पोरं आफ्रिकेची आहेत, इथे तयार करू आणि तिथे कामाला पाठवू. म्हणजे 'आफ्रिकेत मिशनला जायची तयारी' हा प्रकार आपल्या महाराष्ट्रात दीडशे वर्षांपूर्वी रीतसर चालू होता. फक्त जाणारे गोरे नव्हते.

पहिली तुकडी १८६४ साली गेली. विल्यम जोन्स, इस्माएल सेमलर आणि जॉर्ज डेव्हिड हे मोंबासाजवळच्या राबाई इथे रेबमन पाद्र्याच्या मदतीला गेले. तिथले लोक या पाहुण्यांना 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणायला लागले. गंमत बघा, आफ्रिकेत जन्मलेला माणूस आफ्रिकेत परत गेला आणि तिथे तो मुंबईवाला ठरला!

यात एक मोठी चूक होती, आणि तिची किंमत या मुलांनी मोजली. तयारी करणाऱ्यांनी धरून चालवलं की आफ्रिका म्हणजे एकच गाव. बरीचशी मुलं दूर दक्षिणेकडची, त्यांना पाठवलं मोंबासाला. भाषा वेगळी, चालीरीती वेगळ्या. म्हणजे मालवणातल्या मुलाला लहानपणी उचलून नेलं आणि मोठेपणी "जा तुझ्या गावाला" म्हणून पंजाबात सोडलं, तशातली गत.

याच काळात डेव्हिड लिव्हिंग्स्टन मुंबईत आला होता. नाईल नदीचा उगम शोधायच्या शेवटच्या प्रवासाची त्याची तयारी चालली होती. गव्हर्नर होते बार्टल फ्रिअर. लिव्हिंग्स्टनने शरणपूरच्या शाळेतले नऊ जण घेतले. शिवाय चुमा आणि विकतानी ही दोन याओ पोरं, त्यानेच पूर्वी गुलामांच्या तांड्यातून सोडवलेली आणि मुंबईत जॉन विल्सन यांच्या शाळेत ठेवलेली. सुसी आणि अमोडा हे झांबेझीकडचे दोघे मुंबईच्या गोदीत काम करत होते, तेही निघाले. बरोबर मुंबईचे तेरा शिपाई. १८६६ च्या जानेवारीत हे सगळे मुंबईहून जहाजाने झांझिबारला निघाले.

लिव्हिंग्स्टनच्या डायरीत नाशिकच्या पोरांबद्दल बरं लिहिलेलं फारसं नाही. आळशी आहेत, ओझं उचलत नाहीत, ही तक्रार सारखी येते. शिपाई तर थोड्याच महिन्यांत परत फिरले. नऊपैकीही काही मेले, काही सोडून गेले. सगळी पोरं काही संत नव्हती. शाळेतून थेट जंगलात गेलेली विशीच्या आतबाहेरची मुलं ती.

पुढे लिव्हिंग्स्टनचा पत्ताच लागेना. १८७२ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीच्या शोधमोहिमेसाठी नाशिकहून आणखी सहा जण गेले. त्यात जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन आणि कॅरस फेरर होते. तोवर स्टॅन्लीने लिव्हिंग्स्टनला गाठलंही होतं. मग हे सहा जण स्टॅन्लीने पाठवलेल्या माणसांबरोबर लिव्हिंग्स्टनकडे पोचले.

१८७३ च्या मे महिन्याच्या सुरुवातीला, आजच्या झांबियात चितांबो नावाच्या मुखियाच्या गावी लिव्हिंग्स्टन वारला. आसपास एकही गोरा माणूस नाही. मालक मेला, कंत्राट संपलं. सगळे आपापल्या वाटेने गेले असते तरी कोणी विचारलं नसतं.

त्यांनी बैठक घेतली. चुमा आणि सुसी यांना पुढारी नेमलं आणि ठरवलं, देह समुद्रापर्यंत न्यायचा. काळीज काढून तिथेच झाडाखाली पुरलं. देह मिठात ठेवून उन्हात सुकवला, कापडात, झाडाच्या सालीत आणि शिडाच्या कापडात बांधला. पुरताना प्रार्थना वाचली जेकब वेनराइटने. झाडाच्या खोडावर अक्षरं कोरली त्यानेच. पेट्यांमधल्या सामानाची यादी केली तीही त्यानेच. कारण एवढंच, की तांड्यात नीट लिहिता-वाचता येणारा तो होता. नाशिकच्या शाळेतलं ते लिहिणं-वाचणं त्या दिवशी कामी आलं. ते खोडावरचं लाकूड आज लंडनला जपून ठेवलेलं आहे.

मग चालणं. दीड हजार किलोमीटरहून जास्त, जवळजवळ नऊ महिने. तांड्यात बायकाही होत्या. वाटेत आजारपणं, मारामाऱ्या. प्रेत नेताना गावं वाट देत नाहीत, म्हणून एकदा खोटं गाठोडं करून "देह परत पाठवला" असं दाखवलं आणि खरा देह कापडाच्या गठ्ठ्यासारखा बांधून पुढे नेला. मध्ये लेफ्टनंट कॅमेरॉन नावाचा इंग्रज अधिकारी भेटला. म्हणाला, इथेच पुरा. यांनी ऐकलं नाही. १८७४ च्या फेब्रुवारीत देह बागामोयोला समुद्रावर पोचला.

आणि इथे, मित्रांनो, या गोष्टीतला मला सगळ्यात जास्त लागलेला भाग येतो. इंग्रज अधिकाऱ्यांनी देह ताब्यात घेतला, माणसांना पगार दिला आणि काम संपलं. जहाजावर त्यांच्यातला एकटा जेकब वेनराइट गेला, तोही मिशनने भाडं भरलं म्हणून. १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर अॅबेमध्ये अंत्यविधी झाला. शवपेटीला खांदा देणाऱ्या बड्या मंडळींत नाशिकचा हा मुलगा होता. ज्या दोघांनी तांडा चालवला, ते चुमा आणि सुसी इंग्लंडला पोचले ते अंत्यविधी उरकल्यावर, लिव्हिंग्स्टनच्या एका मित्राच्या खर्चाने. सोसायटीने सगळ्यांसाठी साठ रुपेरी पदकं पाडली. ती तयार होईपर्यंत माणसं पांगली होती.

पुढचं थोडक्यात सांगतो. १८७३ मध्ये झांझिबारचा गुलामबाजार बंद झाला. ती बोलणी करायला गेले होते तेच फ्रिअर. मग प्राइस पाद्री स्वतः मोंबासाला गेले आणि १८७५ मध्ये सोडवलेल्या गुलामांची वस्ती उभी राहिली, तिचं नाव फ्रिअरटाउन. ती उभारायला हात कोणाचे? नाशिकच्या सुतारांचे, लोहारांचे, मास्तरांचे. गुलाम पकडणारे आले की वाजवायची घंटा तिथे टांगली होती. घंटेचा तो मनोरा आजही आहे, आणि त्या भागाला लोक 'केंगेलेनी' म्हणतात, म्हणजे घंटेपाशी. १८८५ मध्ये जोन्स आणि सेमलर यांना पाद्रीपदाची दीक्षा मिळाली. आजच्या केनियात अँग्लिकन चर्चची दीक्षा मिळालेले हे पहिले आफ्रिकन. पण गोऱ्या पाद्र्यांच्या बरोबरीचा मान आणि पगार काही मिळाला नाही. त्यावरून खटके उडत राहिले.

वेनराइट १८९२ मध्ये आजच्या टांझानियात वारला. मॅथ्यू वेलिंग्टन मोंबासात १९३५ पर्यंत जगला. म्हणजे आपल्यातल्या काहींच्या आजोबांच्या हयातीत.

हे सगळं त्या मुलाला सांगितलं तेव्हा तो गप्प झाला. मग म्हणाला, "म्हणजे वह्या-पेन्सिली न्यायच्या नाहीत?" ने रे बाबा, जरूर ने. पण तीन आठवड्यांत तू तिथे काय देणार आणि काय घेऊन येणार, याचा हिशेब आधी कर. तुझ्या गटाला गावात नेणारा, दुभाषाचं काम करणारा, सामान उचलणारा, तापात पाणी देणारा कोणी तिथला माणूस असेल. परत आल्यावर फोटो टाकशील तेव्हा त्याचं नाव लिही. त्याच्या आईबापाने ठेवलेलं नाव. आणि थोडी स्वाहिली शिकून जा. 'चपाती' तिथेही चपातीच आहे, 'दुका' म्हणजे दुकान, 'गारी' म्हणजे गाडी, 'बिमा' म्हणजे विमा. हे शब्द आपल्याकडूनच गेलेत. १९२० पर्यंत केनियात चलन होतं ते आपला रुपया. तू परक्या देशात चाललेला नाहीस. जुन्या ओळखीच्या घरी चाललायस, फक्त ओळख आपण विसरलो.

आणि एक गोष्ट त्याला नाही, तुम्हाला आणि मला सांगायची आहे. आपल्या शेजारच्या गोव्यात २०१३ साली नायजेरियन लोकांवरून वातावरण तापलं, तेव्हा एका मंत्र्याने त्यांना कर्करोगाची उपमा दिली होती. २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात आफ्रिकन विद्यार्थ्यांना जमावाने मारलं. आपल्याच बाजारात एखादा आफ्रिकन पर्यटक दिसला तर मागून काय बोललं जातं, ते मी ऐकलंय. तुम्हीही ऐकलंय. आफ्रिकेत जायची तयारी करायला विमानाचं तिकीट लागतंच असं नाही. ती भरडावर, चहाच्या टपरीवरही करता येते.

मुलगा पुढच्या महिन्यात निघतोय. यादीत त्याने एक ओळ वाढवलीय: मोंबासा, घंटा बघणे. फोटो पाठवला की इथे टाकेन.

तोवर एक विनंती. आपल्याकडच्या कोणाचे आजोबा-पणजोबा बोटीवर, रेल्वेत किंवा नोकरीसाठी मोंबासा, झांझिबार, नैरोबीला होते का? घरात जुनं पत्र, फोटो, एखादी ऐकलेली गोष्ट असेल तर जरूर कळवा. लिहून ठेवू. कोणीतरी लिहून ठेवलं नाही, तर ओझं वाहणाऱ्यांची नावं राहत नाहीत.