गळाच्या काठीवरील कड्यांची बांधणी

गळाच्या काठीवर दोरी ज्यांतून ओवली जाते त्या कड्या खिळ्याने किंवा स्क्रूने बसवता येत नाहीत. भोक पाडले की काठीचे धागे तुटतात आणि मासा ओढू लागला की काठी नेमकी तिथेच मोडते. म्हणून कडीचा सपाट पाय काठीवर टेकवून त्यावर दोऱ्याचे वेढे आवळायचे, ही रीत पडली. काठीचे साहित्य अनेकदा बदलले, रीत मात्र टिकून राहिली.

बुलढाणा जिल्ह्यातील संग्रामपूर तालुक्याच्या उत्तरेला सातपुडा आहे आणि दक्षिणेला पूर्णेचे काळ्या मातीचे खोरे. सातपुड्यातून उतरणारी वान नदी पुढे पूर्णेला मिळते. वारी भैरवगडजवळ तिच्यावर हनुमान सागर हे धरण आहे. या भागात, किंबहुना सगळ्या वऱ्हाडात, गळाची जुनी काठी म्हणजे एक निमुळता, सरळ बांबू. दोरी थेट शेंड्याला बांधलेली, तिच्या टोकाला गळ आणि गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी. अशा काठीला कडीची गरजच नसते, कारण दोरी शेंड्यापासून पुढे सुरू होते. दोऱ्याचे वेढे मात्र तिलाही लागतात. शेंड्यावरची गाठ घसरू नये म्हणून ते देतात, तसेच बांबूला चीर गेली तर ती पुढे वाढू नये म्हणूनही.

गळाची मासेमारी दख्खनला फार जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात मत्स्यविनोद हे स्वतंत्र प्रकरण आहे. त्याच शतकाच्या अखेरीस चीनमध्ये मा युआन या चित्रकाराने काढलेल्या चित्रात कोळ्याच्या काठीवर दोरी गुंडाळण्याची चरखी दिसते. इंग्लंडमध्ये चरखीचा छापील उल्लेख सतराव्या शतकाच्या मध्यास आढळतो. दोरी चरखीवर आली आणि कडी अपरिहार्य झाली. मुठीजवळून निघालेली दोरी काठीच्या अंगालगत शेंड्यापर्यंत न्यायची, तर मध्ये आधार हवाच. कड्या दोरीला वाट देतात, शिवाय माशाचा ताण साऱ्या काठीवर वाटून टाकतात. सुरुवातीच्या कड्या सैल लोंबत असत आणि त्यांत ओली दोरी अडके. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ताठ उभ्या व नागमोडी तारेच्या कड्या रूढ झाल्या.

एकोणिसाव्या शतकातच या कलेचा सातपुड्यात वाढणाऱ्या बांबूच्या जातीशी संबंध आला. मेळघाट-सातपुड्याच्या उतारांवर मानवेल हा जवळजवळ भरीव बांबू वाढतो. भाल्यांच्या दांड्यांसाठी हीच जात नावाजलेली होती. १८४०च्या दशकात अमेरिकेत सॅम्युअल फिलिपी याने बांबूच्या चिरफळ्या तासून, सरसाने जोडून काठ्या बनवल्या. त्यासाठी भारतातून जाणारा बांबू तिकडे ‘कलकत्ता केन’ म्हणून ओळखला जाई, आणि ती जात मानवेलाचीच मानली जाते. पुढे चीनमधल्या टोंकिन बांबूने त्याची जागा घेतली. सरस दमट हवेत सुटत असे, म्हणून कड्यांखेरीज मधल्या भागातही ठिकठिकाणी रेशमाचे वेढे द्यावे लागत. मद्रास सिव्हिल सर्व्हिसमधील हेन्री सलिव्हन थॉमस याचे भारतातल्या गळाच्या मासेमारीवरचे ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक १८७३ साली निघाले. इथल्या नद्यांतला महसीरसारखा दांडगा मासा काठीची आणि तिच्या बांधणीची खरी परीक्षा घेई.

बांधणीची पद्धत साधी आहे, पण हात स्थिर लागतो. आधी कडीच्या पायाचे टोक कानशीने पातळ करतात. तसे न केल्यास दोरा पायावर चढताना खाली फट राहते आणि धातूची धार काठीत रुतते. सगळ्या कड्या एका रेषेत आल्या की त्या चिकटपट्टीने तात्पुरत्या धरतात. पायाच्या थोडे अलीकडून वेढे सुरू होतात. पहिले काही वेढे दोऱ्याच्या सुरुवातीच्या टोकावरूनच नेले की ते टोक खाली दाबले जाते. दोरा ताणलेला ठेवून काठी फिरवायची, वेढ्याला वेढा खेटवायचा, एकावर एक चढू द्यायचा नाही. शेवटचे काही वेढे उरले की दुपदरी दोऱ्याचा एक फास त्यांखाली ठेवतात. काम संपले की दोऱ्याचे टोक फासात ओवून फास ओढतात आणि टोक वेढ्यांखाली जाऊन बसते. गाठ कुठेच नसते; सारे घर्षणावर टिकते. वर व्हार्निशचे पातळ थर देतात. व्हार्निश मुरले की साधे रेशीम जवळजवळ पारदर्शक होते, म्हणून रंग टिकवायचा असेल तर आधी दुसरा लेप द्यावा लागतो.

विसाव्या शतकात साहित्य पालटले. १९३८ साली नायलॉन जाहीर झाले. त्यातून दोरीच्या जागी तंगूस आला आणि रेशमाच्या जागी नायलॉनचा दोरा. १९४०च्या दशकात काचतंतूच्या आणि १९७०च्या दशकात कार्बनतंतूच्या काठ्या आल्या. कडीच्या आत सिरॅमिकचे वलय बसले, व्हार्निशऐवजी इपॉक्सी आले. पोकळ कार्बनच्या काठीलाही भोक चालत नाही, म्हणून दोरा तिथेही कायम राहिला.

संग्रामपूर तालुक्यातील आंबाबरवा अभयारण्य आज मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे अभयारण्यातील पाण्यात परवानगीशिवाय मासेमारी करता येत नाही. बाहेरच्या तलावांवर मात्र साधी बांबूची काठी आणि चरखीची काठी दोन्ही चालतात. कडी निखळली म्हणून चांगली काठी टाकून देऊ नये. ब्लेड काठीवर न टेकवता कडीच्या धातूच्या पायावर चालवून जुना दोरा कापावा, जागा स्वच्छ करावी आणि नवे वेढे द्यावेत.